सॅम्पल पास झाल्याशिवाय

मंदामावशी भेटली की “कशी आहेस” असं विचारत नाही. आधी हात धरते. तो उलटा करून कोपराच्या आतल्या नाजूक कातडीवर बोटभर काहीतरी चोळते आणि म्हणते, “पाच मिन्टा थांब. सॅम्पल पास झाल्याशिवाय माल गेटबाहेर नाय.”

मावशी मूळची एडवणची. तारापूरच्या एका औषधांच्या कारखान्यात, लॅबमध्ये, तीस वर्षं बाटल्या धुतल्या आणि नमुने पोचवले. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण लॅब तिच्यासोबत बोईसरला आमच्या शेजारच्या स्वयंपाकघरात आली. मसूर डाळ, संत्र्याची साल, तांदळाची कणी, चहाचा चोथा, नारळाचं दूध काढून उरलेला चव, सगळं सुकवायचं, दळायचं, चाळायचं आणि बरणीवर बॅच नंबर चिकटवायचा. घरात माणूस एक, बरण्या चाळीस.

त्याला उटणं म्हटलं की मात्र ती चिडते. “उटणा दिवाळीला. ह्यो स्क्रब हाय, बारमाही.” सिलिंडरवाल्यालाही तिने सोडलं नाही. पहिल्यांदा तो घाबरून मागे सरकला. पुढच्या खेपेला सिलिंडर ठेवायच्या आधी त्यानेच बाही वर केली. “मावशी, इस बार कॉफीवाला लगाव.”

तर माझ्या नणंदेचं, कल्पनाचं लग्न ठरलं. स्क्रब अर्थातच मावशीचा. मला त्याची काळजी नव्हती. मला छळत होती ती सुकट. मुहूर्तमेढ रोवल्यापासून सासूबाईंनी घरात मासळी बंद केली होती. पाचव्या दिवशी मला डाळ बघूनच रडू यायला लागलं. आमच्या मिक्सरचं पातं तुटलं होतं, म्हणून मावशीचं भांडं मागायला गेले.

“काय वाटायचाय?”

“खोबरं,” मी ठोकून दिलं.

“लेपाचा भांडा हाय तो. खोबराच वाट, दुसरा काय नको.”

सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी भाजलेली सुकट, मूठभर लाल मिरची आणि लसूण असं फिरवलं, दोन भाकऱ्यांशी उभ्या उभ्या खाल्लं. तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या. भांडं नळाखाली कसंबसं विसळलं आणि मागच्या दाराने मावशीला देऊन आले.

दुसऱ्याच दिवशी हळद. सकाळी कल्पना पाटावर बसली. सगळ्या बायका जमल्या. मावशी वाडगा घेऊन आली. इतक्या उकाड्यात तिने पदर दोन्ही हातांवर घट्ट लपेटून घेतला होता. मी कौतुकाने विचारलं, “कधी वाटलंत?”

“काल सांजचा. ताजा हाय.”

काल सांजचं, म्हणजे त्याच भांड्यात. पात्याखाली अडकलेली मिरची आता नवरीच्या गालावर जाणार होती. संध्याकाळी वऱ्हाड येणार, फोटो निघणार. बोलावं तर सासूबाईंपुढे सुकट बाहेर पडते, देवकार्यात मासळी खाणारी सून म्हणून जन्मभराचा शिक्का. न बोलावं तर कल्पनाचा चेहरा जातो. मावशीची बोटं वाडग्यात बुडाली. कल्पनाने डोळे मिटून हनुवटी वर केली.

बोटं गालापासून वीतभर राहिली आणि मी ओरडले, “थांबा!”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, “काय गं, काय झालं?”

“ते भांडं... मी काल त्यात...”

“सॅम्पल पास झालाय,” मावशी माझ्याकडे न बघताच म्हणाली. “खाली बस.”

आणि तिने लेप कल्पनाच्या गालावर लावला. मी मिनिटं मोजली. एक, दोन, पाच. कल्पना हसत होती. “काय गार वाटतंय, मावशी!”

बायका पांगल्यावर मी मावशीच्या स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात पाटा-वरवंटा ओला होता. मावशीने पदर सोडला. डाव्या कोपरापासून मनगटापर्यंत लालभडक.

“कालचा माल रातीच टाकला. पयला सॅम्पल माझ्याच हातावर, तुला म्हायती हाय ना? अशी आग झाली! मंग वास घेतला. सुकट. लसूण पन.” ती डोळे मिचकावून हसली. “पहाटं उठून दुसरा पाट्यावर वाटला.”

“मावशी, तुम्ही बोललात का नाही?”

“तुझी सासू हाय ना ती. बोलून काय करू? पन एकटीनं खाल्लीस, वाटीभर मला नाय आणलीस, ह्याचा राग हाय. म्हनून मगाशी ‘काल सांजचा’ सांगून तुला घाबरवला.”

मला हसूही आलं आणि रडूही. फ्रिजमधलं दही काढलं आणि तिच्या हातावर हळूहळू लावायला लागले. अख्ख्या बिल्डिंगचे हात तिने धरले होते, पण तिचा हात आजवर कुणी धरलेला मी पाहिला नव्हता. मीसुद्धा नाही. मला माझीच लाज वाटली.

लावून झालं. मी वाटी उचलली, तर मावशीने उजवा हात पुढे केला. त्यावर काहीच नव्हतं.

“ह्याला काय झालं?” मी विचारलं.

“काय नाय झाला,” ती खिडकीकडे बघत म्हणाली. “तरी लाव.”