रॉस्कोच्या रिव्हॉल्व्हरला कुलूप कुणी लावलं?

“देवानं दोनच गोष्टी चोख घडवल्या,” पिकअपच्या आरशात मिशी सारखी करत थर्मन क्लेप म्हणाला, “गरुडाची नजर आणि माझी बुद्धी. त्यातही गरुडाला आधी उंच उडावं लागतं. मला बसल्या जागी दिसतं.”

“बसल्या जागी तुझा कोट दारात अडकलाय,” गाडी चालवता चालवता लायल म्हणाला.

लायल हा थर्मनचा मेव्हणा. बहिणीनं थर्मनला होकार दिला आणि त्याची सजा लायल भोगत होता. थर्मनची सगळी नोकरी घरोघरचे पाण्याचे मीटर वाचण्यात गेली. निवृत्त होताच त्यानं कार्डं छापली: ‘शोध, पुरावा, निष्कर्ष’. प्रत्यक्षात निष्कर्ष आधी निघायचा. शोध उरलाच, तर तो लायलनं करायचा.

आज बोलावणं होतं गावाबाहेरच्या खडीच्या खाणीतून. तिथं दर शनिवारी रिव्हॉल्व्हर मंडळाची नेमबाजी चाले. सगळे जमले होते आणि मधोमध रॉस्को टिबेट लालबुंद होऊन उभा होता.

“थर्मन, माझ्या रिव्हॉल्व्हरला कुणीतरी कुलूप लावलंय!”

मंडळात या कुलपाइतकं नावडतं दुसरं काही नव्हतं. रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या कंपनीनं कित्येक वर्षं त्याच्या डाव्या अंगाला एक बारीकसं भोक ठेवलं होतं. त्यात चिमुकली किल्ली फिरवली की घोडा हलत नाही आणि चापही ओढला जात नाही. देखण्या चेहऱ्यावरच्या देवीच्या व्रणाकडे बघावं तशी मंडळी त्या भोकाकडे बघत. आता कंपनीनं बिनभोकाची नवी रिव्हॉल्व्हरं काढली, तेव्हा घरात पाळणा हलल्यासारखा आनंद झाला होता.

सगळ्यांत मोठा आवाज रॉस्कोचा. त्याचा दाखला मंडळात पाठ होता. “आमची मेव्ह, पोरीची पोर. दर शुक्रवारी आमच्याकडे झोपायला असते. हे मोज्यांच्या खणात पडलेलं असतं. नात चालायला लागल्यापासून आजवर मी एकदाही कुलूप लावलं नाही. झालं काही?” यावर मंडळी माना डोलवत.

आज जुनं देऊन तो वर्जिल दुकानदाराकडून बिनभोकाचं नवं घेणार होता. वर्जिलकडे आलं होतं एकच, आणि कर्टिस व्हान्स कधीचा टपून बसला होता.

“कुलूपबंद माल मी घेत नाही, रॉस्को,” वर्जिल म्हणाला. “जेवणापर्यंत उघड. नाहीतर नवं कर्टिसला.”

“किल्ली कुठंय?” लायलनं साधा प्रश्न विचारला.

“किल्ली? ती कोण सांभाळतो! कुलपाला ज्यांनी कधी हात लावला नाही, त्यांना किल्लीचं काय?”

“लायल, फालतू प्रश्नांनी माग पुसू नकोस,” थर्मननं दटावलं. त्यानं रिकामं केलेलं रिव्हॉल्व्हर उन्हात धरलं. “सरळ आहे. बार उडाला, धक्का बसला, कुलूप आपोआप फिरलं.”

मंडळी हरखली. हे भय तर सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं! “मी सांगतच होतो!” तिघंचौघं एकदम म्हणाले.

“पण आज एकही बार उडालेला नाही,” लायल म्हणाला.

“म्हणजे रस्त्यातल्या खड्ड्यांनी.”

“रस्ता परवाच नवा झालाय.”

थर्मननं रिव्हॉल्व्हरच्या मुठीला नाक लावलं, मग बोट, मग बोट तोंडात. “हकलबेरीचा मुरंबा!” तो गर्रकन वळला. कर्टिसच्या हातात डोनट होता आणि डोनटातून जांभळा रस गळत होता. “कर्टिस व्हान्स! नवं रिव्हॉल्व्हर आपल्यालाच मिळावं म्हणून तू…”

“मी आत्ता उतरलोय गाडीतून, येड्या! आणि हा ब्लूबेरीचा आहे.”

“गुन्हेगार फळं बदलतात,” थर्मन शांतपणे म्हणाला.

कर्टिसनं डोनट खाली ठेवला. हातघाई व्हायची तेवढ्यात अर्डिथ, रॉस्कोची बायको, हकलबेरी भरून भाजलेला गोड ‘पाय’ थाळीसकट फडक्यात धरून आली.

“काय चाललंय? आवाज पार रस्त्यापर्यंत येतोय.”

“माझ्या रिव्हॉल्व्हरला कुलूप घातलंय कुणीतरी!”

“अगं बाई! आज विसरलेच की मी!” अर्डिथनं पायची थाळी लायलच्या हातात दिली. पर्समधून चर्चच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यातली सर्वांत छोटी भोकात घालून फिरवली. खट्. “मेव्हनं मुरंब्याचे हात पार मोज्यांच्या खणापर्यंत सगळीकडे फासले, इकडे भट्टीत हा पाय करपायला लागला. त्या गडबडीत राहून गेलं.”

“राहून गेलं म्हणजे?” रॉस्को पुटपुटला.

“शुक्रवारी ती यायच्या आधी लावते. शनिवारी तुम्ही दाढीला बसलात की काढते. खुर्ची धरून उभी राहायला लागली ना, तेव्हापासून.”

“म्हणजे… दर शुक्रवारी?”

“आपली जोलीन म्हणाली होती, आई, कुलूप नसेल तर मेव्हला मी पाठवणार नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही भाषण केलं असतं. ती मात्र आली नसती.”

कुणी हसलं नाही. कर्टिससुद्धा नाही. रॉस्कोचा तो पाठ झालेला दाखला सगळ्यांच्याच मनात एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजून गेला.

“उघडलं तर,” वर्जिल हळूच म्हणाला. “करायची अदलाबदल?”

रॉस्कोनं नवं, गुळगुळीत, बिनभोकाचं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं. या कुशीवर वळवलं, त्या कुशीवर वळवलं. मग ते कर्टिसपुढे केलं.

“तूच घे. माझ्या हाताला तोल बरोबर वाटत नाही.”

“हो, तोल जरा पुढं जातो खरा,” कर्टिस लगेच म्हणाला. मग सगळ्यांनाच पटलं, की तोल पुढं जातो.

“मी पहिल्यापासून म्हणत होतो,” थर्मननं कोट झटकला, “मुरंबा! सगळा छडा मुरंब्यातून लागला. लायल, टिपून ठेव.”

लायलचे दोन्ही हात पायच्या थाळीत गुंतले होते. करपलेली कडा त्यानं आपल्यासाठी वेगळी काढली आणि बशीत एक चांगला तुकडा घेऊन रॉस्कोच्या गाडीकडे गेला. रॉस्को आत बसला होता, शेजारी अर्डिथ. मांडीवर जुनं रिव्हॉल्व्हर आणि तळहातावर ती नखाएवढी किल्ली.

इतकी वर्षं त्या कुलपावर तासन्तास बोललेला माणूस खाली मान घालून बायकोला विचारत होता,

“कुठल्या बाजूला फिरवायची गं?”