आबांनी माझ्यासाठी पाहिलेलं स्थळ

नोकरी गेल्यावर मी पहिला अर्ज केला तो थेट सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. पाठवायचा होता पुण्याच्या एका कन्सल्टंटला; पण चष्मा कपाळावर होता आणि बोटाला घाई झाली होती. ग्रुपवर बायकोच्या शेळगावच्या माहेरचा सगळा गोतावळा. अर्जावर माझा टाय घातलेला गंभीर फोटो, त्याखाली जन्मतारीख, त्याखाली आयुष्यभर काय काय केलं त्याचा गोषवारा. पहिल्या दोघातिघांनी अंगठा दाखवला. मग एका दूरच्या आत्याबाईंनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि रीघच लागली. 'फार मनमिळाऊ होते,' असंही कुणीतरी लिहिलं. शेवटी बायकोने खुलासा टाकला : 'ते जिवंत आहेत. स्वयंपाकघरात कांदा चिरत आहेत.'

या सगळ्यात एकट्या आबांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला. त्यांचा फोन आला.

"पाव्हणं, पत्रिका मिळाली. फोटू जरा रडका हाय, पर चालंल. आता स्थळ बघायचं आमच्याकडं लागलं."

आबा म्हणजे बायकोचे थोरले चुलते. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, डोक्याला पटका, काखेत छत्री, पाऊस असो वा नसो. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत त्यांनी जमवलेली लग्नं मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. मात्र आबा कुठल्याही मुलाचं घर, शेती, गाडी बघत नाहीत. मुलगा जिथे कामाला असेल, त्या गेटासमोर संध्याकाळी जाऊन उभे राहतात आणि सुटून बाहेर पडणाऱ्याचा चेहरा बघतात. बस्स. तेवढ्यावर स्थळ पसंत किंवा नापसंत.

कारण विचारलं तर म्हणतात, "आमचा बा मेंढरं राखायचा. रातच्याला मेंढरं जाळ्याच्या वाघरीत कोंडायची आन् सकाळी सोडताना तोंडाशी उभं राहून एकेक बघायचं. दुखणं कुणाला हाय ते तितंच कळतं. चरायला लागल्यावर सगळी सारखीच दिसत्यात."

हिंजवडीतल्या ज्या कंपनीत मी मालवाहतुकीचं बघायचो आणि जिने मला बाहेर काढलं, तिचंही आबांनी निदान केलं. "तुमच्या हापिसाला गेट किती?"

"सहा असतील."

"मग बघणार कोण? तितंच चुकलं."

आम्ही पुण्याचं भाड्याचं घर सोडून सासऱ्यांच्या बारामतीतल्या बंद फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. मुलगी हॉस्टेलवर, बायको शिकवण्या घेणारी आणि मी एकोणपन्नासाव्या वर्षी कांदे चिरणारा. या वयाच्या माणसाला कुणी नोकरीवर ठेवत नाही, हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी अतिशय नम्रपणे कळवायचं. त्याहून वाईट म्हणजे मला 'काढून टाकलं' हे दोन शब्द तोंडातून निघत नव्हते. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी 'सध्या ब्रेकवर आहे' म्हणायचो, भाजीवालीला 'घरूनच काम आहे' म्हणायचो. तिने एकदा निरागसपणे विचारलं होतं, "मग रोज भाजी घ्यायला वेळ कसा मिळतो, दादा?"

अशा अवस्थेत आबा रोज शेळगावहून एसटीने यायचे आणि मला एमआयडीसीत घेऊन जायचे. मी अर्ज टाकलेल्या प्रत्येक कंपनीसमोर आम्ही चहाची टपरी धरून उभे राहायचो. सासरा-जावई नव्हे, दोन हेरच.

त्यांचं शास्त्र बिनचूक होतं असं मुळीच नाही. एका कारखान्याची माणसं बघून ते हळहळले, "काय दशा केली लेकरांची. समद्यांच्या माना खाली!"

"आबा, मोबाइल बघतायत ते."

"चालताना?"

"चालतानाच."

तरी ते स्थळ त्यांनी नापसंत केलं. दुसऱ्या एका ठिकाणी सगळे हसत-खिदळत बाहेर पडले. आबांनी तिथल्या तिथे माझा हात दाबला. "हेच! हितंच द्यायचं तुमाला." मग टपरीवाल्याने सांगितलं की आज बोनस झालाय, एरवी इथे शिव्याच ऐकू येतात. तिथून मला बोलावणंही आलं नाही; पण आबांनी 'आमीच नाकारलं' असं घरी जाहीर केलं.

मग एके दिवशी ते सकाळीच आले. छत्री कोपऱ्यात ठेवायच्या आत म्हणाले, "कळस गावाच्या अलीकडं एक पॅकहाऊस हाय. डाळिंबं परदेशात धाडत्यात. मी दोन-चारदा जाऊन बघून आलो. बाया हसत भाईर पडत्यात, गडीमाणसं हसत्यात, वॉचमनबी हसतोय. बोनसचा दिवस न्हाय, पगाराचा न्हाय, इचारून घेतलंय. पत्रिका देऊन आलोय."

"कुणाकडे?"

"वॉचमनकडं."

मी कपाळाला हात लावला. पण दुसऱ्याच दिवशी तिथल्या मालकीणबाईंचा फोन आला. आणि मुलाखतीला आबा बरोबर निघाले. मी बायकोकडे केविलवाणं बघितलं. ती म्हणाली, "मुलाकडचं वडीलधारं माणूस नको का?" पदर तोंडाला लावून म्हणाली.

आबांनी ऑफिसबाहेर बसायचं, असं एसटीत ठरलं होतं. पण मालकीणबाईंनीच त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. पस्तिशीच्याच असतील, शर्टाच्या बाहीवर डाळिंबाचे डाग. त्यांनी माझा कागद चाळला आणि ज्याला मी घाबरत होतो तोच प्रश्न पहिला विचारला. "आधीची नोकरी का सोडली?"

मी पाठ केलेलं सुरू केलं. "ॲक्च्युअली ऑर्गनायझेशनल रिस्ट्रक्चरिंग झाल्यामुळे माझा जो रोल होता तो..."

त्या बघत राहिल्या. मी अडखळलो. पुन्हा 'रिस्ट्रक्चरिंग'पासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळलो.

आबांनी बैठकीत हुंड्याचा विषय निघाल्यावर करतात तसा चेहरा केला आणि म्हणाले, "काढून टाकलं म्हणायचंय त्यास्नी."

आबा पुढे म्हणाले, "सोडचिठ्ठी झाली म्हणून पोरगं वाईट नसतं, बाई. नांदायला तयार हाय."

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. पण काय झालं कोण जाणे, मला हसू फुटलं. "हो," मी म्हणालो, "काढून टाकलं. व्हिडिओ कॉलवर. मी कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात जोडून 'थँक्यू' म्हटलं, तर ते म्हणाले, सर, तुम्ही म्यूटवर आहात."

मालकीणबाई खुर्चीला टेकून हसल्या. त्यानंतर मी पाठ केलेलं एकही वाक्य बोललो नाही. त्यांचे कंटेनर बंदरावर उशिरा पोचतात, ही त्यांची रड होती. मी विचारलं, गाडी किती वाजता येते? म्हणाल्या, सकाळीच येऊन उभी राहते. आणि माल गार होऊन तयार कधी होतो? संध्याकाळी. मी म्हणालो, म्हणजे ड्रायव्हर दिवसभर ताटकळतो, कंटाळून जेवायला जातो आणि निघायच्या वेळी सापडत नाही! त्यांनी चमकून वर बघितलं. मग आम्ही तासभर गाड्या, शीतगृह, ड्रायव्हरांची जेवणं यांतच रंगलो. मला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. ओळखीचा होता; बऱ्याच दिवसांत भेटला नव्हता.

उठताना त्या काही बोलणार, एवढ्यात आबांनी छत्री उचलली.

"बरं हाय. घरात इचार करून आमी कळवतो."

बाहेर पडताच मी जवळजवळ ओरडलो, "आबा! कळवायचं त्यांनी असतं!"

"हपापल्यागत करू न्हाय, पाव्हणं. किंमत ऱ्हात न्हाय."

परतीच्या एसटीत मी मुद्दाम त्यांच्यापासून लांबच्या सीटवर बसलो. घरी आल्यावर आबा खुर्चीत बसले, मी कांदा घेतला. दोन कांदे झाले असतील, तेवढ्यात फोन वाजला. मालकीणबाईच होत्या.

"तुमच्या आबांना विचारा, आमचं स्थळ पसंत आहे का? असेल तर सोमवारपासून या."

मी फोन तसाच आबांकडे दिला. त्यांनी घसा साफ केला, पटका नीट केला आणि म्हणाले, "पसंत हाय. पर बाई, तू सगळ्यांच्या मागनं घरी जातीस म्हणं. जेवतीस कवा?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. आबा मात्र "जेवत जा येळंवर," म्हणाले आणि फोन मला देऊन खुर्चीतच ताठ बसले, जसं काही वरात त्यांच्याच दारातून निघणार होती. बायकोने साखर आणली आणि ती पहिली आबांच्या तोंडात घातली. ग्रुपवरही टाकलं. श्रद्धांजलीवाल्या आत्याबाईंनी लिहिलं, 'पुनर्जन्माबद्दल अभिनंदन.'

नोकरी लागल्यावर आबांचं येणं थांबलं. मीही नव्या कामात बुडालो. गेल्या पंधरवड्यात पहिल्यांदाच एक कंटेनर अगदी वेळेवर निघाला. गाडी गेटाबाहेर पडली तेव्हा डाळिंबं निवडणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि "साहेब, आता पेढे न्हाय, भेळ पायजे," म्हणून माझ्या मागेच लागल्या. सुटल्यावर त्या घोळक्यातून मीही हसतच बाहेर आलो.

समोर टपरीपाशी एक पटका चटकन वळला आणि तिथला गुटख्याचा बोर्ड वाचू लागला. काखेत छत्री.

"आबा? इथे कसे?"

"कळसला लग्नाचं काम हुतं."

"कुणाचं?"

"ठरायचंय अजून." त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून एकदा नजर फिरवली. "बरं दिसतंय. जावा घरी, आमची पोरगी वाट बघत असंल."

मी घरी चला म्हटलं, तर एसटी चुकंल म्हणाले. शेळगावच्या त्यांच्या घरी संध्याकाळी त्यांची वाट बघणारं कुणी नाही. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं लांब. टपरीवाल्याने नंतर सांगितलं की म्हातारबाबा अधूनमधून असतातच इथे. तुम्ही बाहेर पडलात की चहा संपवतात आणि जातात.

घरी आल्यावर मी हे सगळं बायकोला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"लग्न ठरायच्या आधी पुण्याला तुमच्या पहिल्या कंपनीच्या गेटावरही उभे होते ते," ती म्हणाली. "तुमची स्कूटर सुरू होत नव्हती. वॉचमन ढकलत होता, तुम्ही वर बसला होतात आणि दोघं हसत होतात. घरी येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, 'पोरगं जरा येडं हाय, पर देऊन टाका.'" मग डब्यासाठी पीठ काढता काढता म्हणाली, "उद्यापासून दोन भाकरी जास्त देते. टपरीवर नुसता चहा पितात ते."