शेवंता घोडीचा सुधारित ब्रेक

एका जंगलात एक घाट होता. जंगल कुठलं ते विचारायचं नाही. नाव सांगितलं की तिथले लोक येऊन भांडतात, आणि या वयात मला भांडणं झेपत नाहीत. तर घाट होता. वर वनराजांचा दरबार, खाली नदीकाठचा बाजार, मधे सात वळणं.

या घाटात एकच गाडी चालायची आणि ती एकच घोडी ओढायची. तिचं नाव शेवंता. वर जाताना ती कधी कुरकुरली नाही. चढ म्हणजे नुसते कष्ट, आणि कष्टाला ती भीत नव्हती. ती भ्यायची उताराला.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, उतार तर सोपा असतो. तुम्ही घोडी नाही म्हणून म्हणता. उताराला गाडी मागून ढकलते. पोती, मडकी, वर बसलेली चार गलेलठ्ठ रानडुकरं, सगळा भार अंगावर येतो. तो थोपवायला तेव्हा एकच सोय होती. गाडीमागे दोरीनं एक ओंडका बांधायचा. तो फरफटत यायचा आणि गाडी जरा आवरायची. पावसाळ्यात दोरी कुजायची आणि तुटायची. अशाच एका पावसाळ्यात पाचव्या वळणावर शेवंताची आई गाडीसकट दरीत गेली होती. ते वळण आलं की शेवंताचे मागचे पाय लटपटायचे. कुणाला दिसू नयेत म्हणून ती शेपटी जोरजोरात हलवायची.

हे दिसलं एकट्या केरबाला. केरबा म्हणजे खवले मांजर. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही, पण लोहारकामात हात असा बसलेला की विचारू नका.

"शेवंताबाई," तो एकदा म्हणाला, "गाडी तू ओढतेस. मग थांबवायचं काम त्या ओंडक्याकडं कशाला?"

"मग कुणाकडं?"

"तुझ्याकडं."

केरबानं महिनाभर ठोकाठोक केली. गाडीच्या दांड्या त्यानं वीतभर मागंपुढं सरकतील अशा बसवल्या. उतारावर शेवंतानं पाय रोवले की गाडी पुढं रेटायची, दांड्या मागं सरकायच्या, आणि त्यांच्या टोकाचे लाकडी ठोकळे चाकांवर दाबले जायचे. ती जितकी थबकेल तितके ठोकळे घट्ट. पुन्हा चालू लागली की आपोआप सैल. ना दोरी, ना ओंडका.

भट्टीमागच्या उतारावर दोघांनी ते करून पाहिलं. शेवंतानं पाय रोवले आणि गाडी मुकाट उभी राहिली.

"पुन्हा एकदा बघू," शेवंता म्हणाली.

असं तिनं अकरा वेळा करून पाहिलं. बाराव्या वेळी म्हणाली, "आईच्या वेळी हे असतं तर." केरबा उगाच भाता ओढत बसला.

इथं केरबानं एक चूक केली. अशी चूक त्याच जंगलातला प्राणी करू जाणे. त्यानं ब्रेकला मंजुरी मागितली.

मंजुरी द्यायला घाट सुधारणा मंडळ होतं. अध्यक्ष तरसराव. ते जातीचेच तरस, त्यामुळे नाही म्हणतानासुद्धा हसायचे. सभासद दोन, एक अस्वल आणि एक मोर. तिघांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"कल्पना झकास आहे," तरसराव म्हणाले. "पण कधी थांबायचं ते ठरवणार कोण?"

"शेवंता, साहेब. भार किती येतोय ते तिलाच कळतं."

"घोडी ठरवणार? आणि उद्या गाडीत स्वतः वनराज बसलेले असले, अन् हिनं मधेच थांबवली तर?"

"समोर दरी असली तर थांबवेलच की."

"तेच म्हणतोय मी. वनराजांना न विचारता थांबवेल." आणि तरसराव खूप वेळ हसले.

मग मंडळानं सुधारित ब्रेकमध्ये सुधारणा केली. दांड्या सरकू नयेत म्हणून मधे एक लोखंडी खुंटी मारली आणि खुंटीला नारळाएवढं कुलूप घातलं. कुलूप उघडायचं तर अर्ज हवा, अर्जावर चार सह्या हव्यात, त्याही खालून वर. आधी अस्वल, मग मोर, मग तरसराव, शेवटी वनराज. गाडीवर पिवळ्या रंगात पाटी लागली, 'सुधारित ब्रेक'. ती पाटी ब्रेकपेक्षा मोठी होती. जुना ओंडका मागासलेला ठरला आणि शेकोटीत गेला.

शेवंतानं कुलूप पाहिलं. "केरबा, आधी निदान ओंडका तरी होता," ती म्हणाली.

उद्घाटनाला सगळं जंगल लोटलं. वनराजांनी ब्रेकला हार घातला. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, ती चिरडली गेली आणि टाळ्या पडल्या. वनराज गादीवर बसले. किल्ली त्यांच्या आयाळीत बांधलेली. शेजारी मंडळाचे तिघे. केरबाला पुढं दांडीवर बसवला, म्हणजे काही बिघडलं तर शिव्या द्यायला कुणीतरी हाताशी असावं.

गाडी दरबारापासून घाट उतरू लागली. दोन वळणं बरी गेली. तिसऱ्याला गाडी रेटू लागली. शेवंतानं पाय रोवले. दांड्या मागं आल्या आणि खुंटीवर ठक्कन आदळल्या.

"केरबा, सरकत नाहीये," ती म्हणाली.

केरबा मागं वळला. "साहेब, किल्ली द्या."

"अर्ज?" तरसराव हसले.

"तोंडीच समजा."

"तोंडी चालत नाही."

अस्वल फार घाबरलं होतं. त्यानं स्वतःच अर्ज लिहिला आणि स्वतःच सही केली. मोरानं लेखणीसाठी आपलंच पीस उपटलं, ओरडला आणि सही केली. एवढ्यात चौथं वळण मागं पडलं. तरसरावांनी पीस हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"गाडी फार हलतेय. सही जुळायची नाही. थांबली की करतो."

वनराज सही करायला तयार होते, अगदी मनापासून तयार होते. पण खालची सही झाल्याशिवाय वरची करायची नाही, हा त्यांच्या पणजोबांपासूनचा रिवाज होता. अर्ज वर चढत होता आणि गाडी खाली चालली होती.

समोर पाचवं वळण दिसलं. शेवंताच्या टापांतून ठिणग्या उडत होत्या.

"केरबा," ती म्हणाली, "तू उडी मार. दोघांनी कशाला जायचं?"

केरबानं उडी मारली नाही. वनराज गाडीत असताना जुंपणीला हात लावणाऱ्याचं मुंडकं उडतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं एकदा मागं पाहिलं, एकदा शेवंताकडं पाहिलं. मग वारूळ उकरणाऱ्या त्या नखांनी त्यानं चामड्याचे पट्टे टराटरा फाडले आणि तिच्या मानेला मिठी मारली.

"डोंगराच्या अंगाला हो," तो म्हणाला.

शेवंता डोंगराच्या अंगाला झाली. गाडी सरळ गेली आणि दरीच्या तोंडाशी करवंदीच्या जाळीत घुसून अडकली. कुणी मेलं नाही. वनराजांच्या अंगातले काटे काढायला मात्र तीन माकडं तीन दिवस खपली.

मग चौकशी झाली. चौकशी तरसरावांनीच केली. त्यांनी लिहिलं की ब्रेक उत्तम स्थितीत आहे, ठोकळ्यांवर एक ओरखडा नाही, कुलूप शाबूत आहे आणि नियम काटेकोर पाळले गेले. पुढं लिहायचं होतं, 'वनराज खाली घसरले.' इथं लेखणी अडली. त्या जंगलात वनराज खाली जातात असं लिहायची पद्धतच नव्हती. ते विहिरीत उतरले तरी दप्तरात 'चढले' असंच लिहायचे.

तरसरावांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी हुकूम निघाला. ज्या घाटात वनराज खाली जात नाहीत, त्या घाटाला उतार असूच शकत नाही. सबब हा घाट दोन्ही बाजूंनी चढ समजावा. वरच्या टोकाला पाटी लागली, 'येथून चढ सुरू'. खालच्या टोकाला तशी पाटी आधीपासूनच होती.

केरबाचं मुंडकं वाचलं ते यामुळंच. चढावर गाडी सुटत नाही. सुटली नाही तर पट्टे कशाला फाडावे लागतील? तेव्हा ते कुणी फाडलेच नाहीत, असा निकाल लागला.

मोडकी गाडी केरबाच्या भट्टीवर आणली होती, तिथं तरसराव स्वतः आले. चढाला ब्रेकचं कुलूप लागत नाही. कुलूप आणि खुंटी दरबारची मालमत्ता होती, ती त्यांनी उपटून बरोबर घेतली.

"आणि ब्रेकचं काय करू, साहेब?"

"कसला ब्रेक?" तरसराव म्हणाले आणि हसत निघून गेले.

केरबानं गाडी दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंता मडकी भरून घाट उतरायला निघाली. पाचवं वळण आलं. तिनं पाय रोवले, दांड्या सरकल्या, ठोकळे चाकांवर बसले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. मागून जराही रेटा नाही. शेवंता तिथं बराच वेळ दरीकडं बघत उभी होती, आणि मग ती पोटभर रडली. केरबा पोत्यांवर झोपल्याचं सोंग करून पडून राहिला.

तेव्हापासून ती रोज तो घाट उतरते. मागचे पाय लटपटत नाहीत. वाटेत मंडळाचं कुणी भेटलं आणि 'कशी आलीस?' म्हणून विचारलं, तर ती अदबीनं सांगते, "चढून आले, साहेब."

तात्पर्य: मुलांनो, तुमच्या एखाद्या चांगल्या कामाला मंजुरी मिळाली तर खचून जाऊ नका. धीर धरला तर ती रद्दही होते.