सर्जेरावाची चार वर्षं

सशाचं आयुष्य किती, हे मला विचारा! रानात बिचारा दीड-दोन वर्षं काढतो. कोल्हा आहे, घार आहे, आमचे गावकरी आहेत. पण पिंजऱ्यात नीट सांभाळा, आठ वर्षं कुठे गेली नाहीत! डोळखांबच्या शाळेत मास्तर असताना मी हे सिद्धच करून दाखवायला निघालो.

त्यात थोडा स्वार्थही होता. बायको ताराबाई मुलांना घेऊन शहापूरला राहत होती आणि मला तिथे बदली हवी होती. धाकटी तर मला पाहुणाच समजायची. फार लागायचं मनाला! अशा प्रयोगाने शाळा तपासणारे डिपोटीसाहेब खूश झाले, की बदली झालीच म्हणून समजा!

सदतीस साली शेजारच्या लखमाने ससा आणून दिला. मी त्याचं नाव सर्जेराव ठेवलं आणि एक वही घातली. मे महिन्यात मी शहापूरला जाई, तेव्हा सर्जेराव लखमाच्या हवाली. जूनमध्ये परत आलो की तो मला ओळखत नसे. मी वहीत लिहिलं, 'विरहाने रुसला.' एका वर्षी तो निम्माच दिसला. 'उन्हाने वाळला.' पुढच्या वर्षी कानच लांब झाले. 'वय वाढल्याची खूण.'

एकेचाळीसच्या आषाढात डिपोटीसाहेब चिखल तुडवत आले.

"साहेब, हा पाहा! चार वर्षं बंदिवासात, आणि अजून तरुण!" मी पिंजऱ्यावरचं फडकं ओढलं.

सर्जेरावाच्या पोटाशी तीन पिल्लं बिलगली होती!

साहेबांनी चष्मा पुसला. "मास्तर, सर्जेराव बाळंत झाले!"

"लखमा!" मी ओरडलो. "हे काय रे?"

"पिल्ली हायेत, मास्तर."

"ती दिसतायत! माझा ससा कुठाय?"

"कंचा? पयला डोंगरात असल. दुसरापन तितंच." लखमाला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. "मे महिन्यात तुमी घरला जाता, आमी सगली कसाऱ्याला रेल्वेच्या कामाला. पाड्यावर मानूस नाय. त्याला पानी कोन पाजनार? कोंडून मेला असता ना! म्हनून सोडत व्हतो. पाऊस लागला का आमी परत येतो, तवा फासा लावून दुसरा आनत व्हतो."

"अरे, पण मला सांगायचंस तरी!"

"सांगनार कवा? तुमी आल्या आल्या 'कसा आहेस रे सर्जेराव' म्हनून त्याला उचलून घ्यायचात!"

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी शरमेने अर्धा झालो. पण हसलेला साहेब म्हणजे अर्धी बदली! मी लगेच अर्ज पुढे केला.

पंधरा दिवसांनी हुकूम आला. 'प्रयोग उपयुक्त आहे. मात्र पाच सशांचं आयुष्य एकाच्या नावावर धरता येत नाही. नव्याने सुरुवात करावी. आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत सदर शिक्षकाची बदली करू नये.'

मी हुकूम लखमाला वाचून दाखवला. लखमाने पाठीवर हात ठेवला. "घाबरू नका मास्तर. तांदूल, नाचनी, काय कमी पडू देनार नाय."

आणि नाहीच पडू दिलं! एकोणपन्नास साली सुटलो. तोवर किती ससे झाले ते लखमाला ठाऊक. आठ वर्षं आत टिकलो तो मी एकटाच, आणि वजनही चौदा शेरांनी वाढलं!