सर्व्हररावांनी केबल लावली

"आता या ऑफिसात माणूस मरेल, पण फाइल मरणार नाही!" असं सर्व्हररावांनी मालकांना छातीठोकपणे सांगितलं, तिथेच खरं तर सगळ्यांनी सावध व्हायला हवं होतं. ऑफिस शाळेची पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकाचं. वरच्या मजल्यावर संपादन, खाली पानांची मांडणी आणि जिन्याखालच्या खोलीत कॉम्प्युटर सांभाळणारे सर्व्हरराव. त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी कुणाला तरी आठवायचं. त्यांनी दोन सर्व्हर असे जोडले होते, की एकावर लिहिलेलं अक्षर न् अक्षर दुसऱ्यावर आपोआप उतरावं. एकाने मान टाकली तर दुसऱ्याने कारभार हाती घ्यायचा. दोघांत मतभेद झालाच, तर ज्याच्यावर शेवटचं काम झालं तोच खरा, असा नियमही त्यांनी घालून दिला होता. एवढी सोय असताना रोज वेगळी प्रत कशाला काढायची, म्हणून ती जुनी पद्धत त्यांनी बंदच करून टाकली.

प्रात्यक्षिकासाठी त्यांनी मालकांसमोर दोघांना जोडणारी केबल उपटली. दुसऱ्याने लगेच कारभार घेतला. टाळ्या झाल्या, चहा आला आणि चहाच्या नादात केबल लोंबकळतच राहिली. पहिल्याला वाटलं दुसरा मेला, दुसऱ्याला वाटलं पहिला. वाटण्या झालेल्या भावांसारखे दोघेही स्वतःलाच घरातला कर्ता समजू लागले.

तासाभरात खालून ओरड आली, की सगळ्यांचा सामायिक फोल्डर उघडतच नाही. सर्व्हररावांनी परवानग्या तपासल्या, पासवर्ड बदलले, कॉम्प्युटर बंद करून चालू केले. थोडक्यात, आजार सोडून बाकी सगळ्यावर उपचार झाले. शेवटी वैतागून त्यांनी खालच्या मजल्याला थेट दुसऱ्या सर्व्हरचा पत्ता देऊन टाकला. फोल्डर उघडला. वरच्यांना पहिल्या सर्व्हरवरचा दिसत होताच. दोन्ही दिवे हिरवे, सर्व्हरराव खूश.

वरच्या मजल्यावर त्यांची बायको बसायची. गणिताचं पुस्तक तिच्याकडे होतं. मुख्य संपादिका निवृत्त होणार होत्या, आणि हे पुस्तक नीट निघालं तर ती खुर्ची हिची, असं मालकांनी बोलून दाखवलं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्यावर आता कुठे तिला तिच्या नावाची पाटी दिसायला लागली होती.

ती वर उत्तरं दुरुस्त करायची आणि खाली ती पोचायचीच नाहीत. मांडणीवाले काका म्हणायचे, वरून काही आलंच नाही. ती म्हणायची, सगळं केलंय. मग काय मी आंधळा आहे का, असं काकांनी विचारलं आणि दोन मजल्यांमधलं बोलणं बंद झालं. तिने नवऱ्याला हळूच विचारलं, मशीनमध्ये काही गडबड नाही ना? पोटच्या पोरावर आळ आल्यासारखे सर्व्हरराव उसळले.

"माझ्याकडे सगळं हिरवं आहे. तू सेव्ह करतेस ना नक्की?"

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण त्यांनी अख्ख्या संपादन विभागादेखत तिला सेव्ह कसं करायचं ते शिकवलं! मालकांनी विचारलं तेव्हाही त्यांनी तोच हिरवा जप केला. मग चूक माणसाचीच, असं म्हणून मालकांनी खुर्चीचा निर्णय दुसऱ्या दिवसावर टाकला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः खाली गेली आणि काकांच्या मशीनवर पुस्तक उघडून बघितलं. मग वर जाऊन स्वतःचं उघडलं आणि जिन्याखालच्या खोलीत येऊन दार लावून घेतलं.

"अहो, वर एक पुस्तक आहे आणि खाली वेगळंच!"

लोंबकळणारी केबल सर्व्हररावांना तेव्हा दिसली. कुणाला सांगू नकोस, दोन मिनिटांत जोडतो, तुझ्या दुरुस्त्या खाली दिसतील आणि मी स्वतः मालकांना सांगेन, अशी त्यांनी गयावया केली. माझं पुस्तक आधी बाजूला काढून ठेवा, असं ती म्हणाली. मला शिकवू नकोस, म्हणत त्यांनी केबल लावली.

ती खोलीत उभी होती, त्यामुळे वर काम थांबलेलं. खाली काकांनी नेमकं एक पान सेव्ह केलेलं. शेवटचं काम दुसऱ्या सर्व्हरवर, म्हणून दुसरा खरा! त्याने आपलं सगळं पहिल्यावर ओतलं. तिने तिथल्याच स्क्रीनवर पुस्तक उघडलं. सगळी उत्तरं पुन्हा चुकीची होती.

"परत आणता येईल?" तिने विचारलं. "रोजची प्रत मीच बंद केली ना," सर्व्हरराव पुटपुटले.

मग मात्र ते मालकांकडे गेले आणि केबल, पत्ता, नियम, सगळं ओकून मोकळे झाले. चूक माझी आहे, तिची नाही, असं दोनदा सांगितलं. मालकांनी पुस्तक दोन्ही मजल्यांवर उघडायला लावलं. दोन्हीकडे तंतोतंत सारखं, चुकांसकट.

"काल तर तुम्हीच सगळं हिरवं म्हणत होतात."

"ते खोटं होतं, सर. म्हणजे दिवे हिरवेच होते, पण..."

मालकांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बायकोसाठी असा आळ अंगावर घेणारा नवरा हल्ली बघायला मिळत नाही हो. पण खुर्ची काही मी तुमच्या प्रेमाकडे बघून देऊ शकत नाही."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मालकांच्याच तोंडून दोन्ही मजल्यांवर पसरली. नशीब काढलंस बाई, असं विभागातल्या बायका तिला आलटून पालटून सांगून गेल्या. सर्व्हरराव दारात घुटमळत होते, त्यांच्याकडे सगळ्या कौतुकाने बघत होत्या. तिने मान वर केली नाही. तिला पहिल्या पानापासून सुरुवात करायची होती. नव्या मुख्य संपादिकेने दुरुस्त्या लवकर मागितल्या होत्या.