कपाटाला नोकरी लागली

शहाण्णव साली मी ठरवलं की आपण इंग्रजी बोलायचं. ठरवलं म्हणजे, शिरोलीच्या आमच्या फौंड्रीच्या मालकांनी ठरवलं. येत्या बुधवारी इंग्लंडहून एक साहेब आमचं लोखंडी ओतकाम, म्हणजे कास्टिंग, बघायला येणार होते. डिस्पॅच क्लार्क म्हणून पत्रं मीच टाईप करायचो, त्यामुळं मला इंग्रजी येतं असा मालकांचा समज होता. (तो मोडायचं धाडस मला सात वर्षांत झालं नव्हतं.)

स्टोअरमधल्या पिराजीनं तोडगा काढला. त्याच्या साडूनं लंडनहून तिथल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमाची कॅसेट पाठवली होती. पिराजी म्हणाला, सूटबूटवाली माणसं आहेत, सावकाश बोलतात, आणि मला काही कळलं नाही म्हणजे इंग्रजी चांगलंच असणार.

रविवारी दुपारी मी वही-पेन घेऊन व्हीसीआरसमोर बसलो. एका ऑफिसात मुलाखत चालली होती. टेबलामागं तीन गंभीर साहेब, आणि समोर उमेदवार म्हणून एक लाकडी कपाट. साहेब त्याला अनुभव विचारत होते, कपाट गप्प होतं, आणि साहेब माना डोलवत होते. शेवटी थोरल्या साहेबांनी उठून कपाटाचं दार उघडलं, मिटलं आणि म्हणाले, "अभिनंदन, आपण फार छान उघडता."

मी वाक्य लिहून घेतलं. मग वाटलं, आपलंच काहीतरी ऐकण्यात चुकतंय. कॅसेट मागं नेऊन पुन्हा लावली. कपाटाला पुन्हा नोकरी लागली.

तेवढ्यात मागून हुंदक्यासारखा आवाज आला. माझी बायको शिवलीला पिठाच्या हातानं बाहेर धावली. उंबऱ्यात माझी आई, आक्का, तांदूळ निवडत बसली होती. माझे वडील, आप्पा, जाऊन पाच महिने झाले होते. तेव्हापासून ती विचारल्याशिवाय बोलत नव्हती, आणि जेवणाचं तर विचारलं तरी बोलत नव्हती. आता ती तोंडाला पदर लावून गदागदा हलत होती. आम्ही दोघंही घाबरलो. शिवलीलानं हळूच पदर बाजूला केला, तर आक्का हसत होती.

"कपाटाला नोकरी लागली गं," ती म्हणाली.

आक्काला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. यात काहीतरी गूढ अर्थ असणार, असं मी तिला समजावू लागलो. कसला आलाय अर्थ, म्हणत तिनं मला कॅसेट परत लावायला सांगितली. पुढं एक बाई जिन्याला दोरी बांधून फिरायला नेत होती. ते बघून शिवलीलाही खाली बसली. चौथ्या वेळी मी पण हसलो. (त्या दोघी हसत होत्या म्हणून सुरुवात केली, नंतर थांबता येईना.)

"ह्यास्नी दाखवाय पायजे हुतं," आक्का डोळे पुसत म्हणाली. पाच महिन्यांत आप्पांचं नाव तिनं पहिल्यांदाच काढलं. मग बोलतच राहिली. एकदा आप्पा वडगावच्या बाजारात बैल घ्यायला गेले. मालक चहाला गेलेला, म्हणून त्यांनी बैलाशीच अर्धा तास घासाघीस केली, आणि बैल कमी करेना म्हणून परत आले.

बुधवारी साहेब आले. निघताना त्यांनी हात पुढं केला आणि मालकांनी मला मागून ढोसलं. घाबरल्यावर तोंडातून पाठ झालेलं एकच वाक्य बाहेर पडलं. आपण फार छान उघडता, असं इंग्रजीत ऐकल्यावर साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मग वळून पँटची चेन तपासली.

संध्याकाळी जेवताना हे सांगितलं, तर आक्काला ठसका लागून पाणी द्यावं लागलं. मला जरा लागलं. मी विचारलं, आप्पा एवढे गमतीचे होते, तर माझ्याशी कधी थट्टा का केली नाही?

आक्कानं मायेनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला.

"करत हुतं की, लेकरा. रोज करायचं. तुला नोकरी लागली तवा, भट्टीला रविवारची सुट्टी असत्या का, म्हणून इचारलंतं न्हवं? तू तासभर समजावून सांगितलंस. आमी दोघं मागल्या दारी जाऊन हसलो."

मला तो दिवस आठवला. मी त्यांना भट्टीची आकृतीसुद्धा काढून दिली होती. आप्पांनी ती नीट घडी घालून खिशात ठेवली, तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना विषय पटला.