भालेरावकाका क्लास शोधतात

आमच्या भालेरावकाकांना एक्सेल म्हणजे काय, हे डोंबिवलीतल्या आणि आसपासच्या निम्म्या कॉम्प्युटर क्लासवाल्यांनी समजावून सांगितलंय. आणि प्रत्येकाने तीन-तीनदा. काकांना ते पहिल्या क्लासात, पहिल्याच वेळी कळलं होतं.

काका समोर बसायचे, शांतपणे ऐकायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बरं. आता परत सांगा." समोरचा परत सांगायचा. "छान सांगितलंत. पण नाही कळलं. परत." आणि मग त्याच्या कपाळाकडे टक लावून बघत बसायचे. आठी पडली की उठलेच. "चल रे, उतरू या. ही आपली गाडी नाही."

काका ठाण्याला बसवर कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण बस काही सुटलेली नाही. सोसायटीची मीटिंग लांबली की "आता डबल बेल द्या" म्हणतात. लग्नात जेवणाच्या रांगेत अनोळखी लोकांना "पुढे सरका, पुढे जागा आहे" सांगतात, आणि लोक सरकतात. मी त्यांच्या शेजारी राहतो आणि घरून कॉम्प्युटरवर काम करतो. एवढ्याशा गुन्ह्यावर त्यांनी मला या मोहिमेत ओढलेलं.

कोर्स हवा होता त्यांच्या मुलीसाठी. प्रज्ञा नाशिकहून, सासर कायमचं सोडून आलेली. घरात असायची, पण नसल्यासारखी. खाली दूध आणायलाही उतरायची नाही. काकांनी तिला विचारलं, एखादा कोर्स करतेस का? ती म्हणाली, "बघू."

"'नको' नाही म्हणाली रे!" काका मला जिन्यात गाठून सांगत होते. त्या एका 'बघू'वर त्यांनी चप्पल घातली.

मी म्हटलं, "काका, सोपं आहे. तिचं बीकॉम झालंय. एक्सेल आणि टॅली करू दे, कुठेही अकाउंट्सला लागेल. नाव घाला आणि मोकळे व्हा."

"कोर्स तू म्हणतोस तो पक्का. पण शिकवणार कोण?"

माजिवड्याला एका काचेच्या इमारतीत गेलो. टाय लावलेला मुलगा म्हणाला, "सर, आमच्याकडे डेटा सायन्स, एआय, फुल स्टॅक, सगळं आहे."

"शेवटचा स्टॉप कुठला?"

"सॉरी?"

"हे शिकून माणूस उतरतो कुठे?"

"स्काय इज द लिमिट, सर!"

"आकाशात उतरवता? मग आम्ही आपले रिक्षाने जातो."

मी हसत होतो, पण कल्याणच्या क्लासात हसू थांबलं. तिथले सर खरंच छान शिकवत होते. मला वाटलं, जमलं एकदाचं. तिसऱ्या वेळी मात्र त्यांचा आवाज चढला. "अहो काका, एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

काकांनी नेहमीचं 'ही आपली गाडी नाही'सुद्धा म्हटलं नाही. उठले, खाली आले आणि कठडा धरून उभे राहिले.

"काय झालं, काका?"

"हेच वाक्य. जावई उठता-बसता हेच म्हणायचा तिला. भाजीत मीठ कमी पडलं, एवढं कळत नाही? रिमोट सापडला नाही, एवढं कळत नाही? पोरगी बोलायचीच बंद झाली. आता कुणी नुसता आवाज चढवला तरी थरथरते." मग नाक पुसून म्हणाले, "चल. पुढचा क्लास कुठे आहे?"

पुढचा, त्याच्या पुढचा, असं करत आम्ही रामनगरात पोचलो. पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या. तिथे शिकवणाऱ्या फर्नांडिस मॅडमनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकतंय. थांबा, दुसऱ्या तऱ्हेने सांगते." काकांनी चौथ्यांदा विचारलं. मॅडम हसल्या. "आधी चहा घेऊ, मग सांगते."

काकांनी तिथेच प्रज्ञाचं नाव घातलं.

पहिल्या दिवशी गिरणीपाशी प्रज्ञा थांबली, म्हणाली, "बाबा, तुम्ही जा आता." काका गेले ते समोरच्या टपरीपर्यंत. मीही होतोच.

मी चेष्टेत म्हटलं, "एवढी चौकशी तर लोक जावई बघतानाही करत नाहीत."

बोलून गेलो आणि जीभ चावली.

काका चहाकडे बघत म्हणाले, "मी नव्हतीच केली. एका दुपारी गेलो, पोहे खाल्ले, मुलाचा हुद्दा विचारला आणि हो म्हणून आलो. घरी आल्यावर तिने विचारलेलं, बाबा, स्वभाव कसा वाटला? मी म्हटलं, चांगलाच असणार."

गिरणी घरघरत होती.

क्लास सुटला. प्रज्ञा दोन मुलींबरोबर जिना उतरली. कुठल्याशा फॉर्म्युल्यावरून वाद चाललेला. "अगं नाही गं, आधी कंस टाकायचा!" प्रज्ञा म्हणाली, तेही चांगल्या मोठ्या आवाजात. मी हाक मारणार, तोच काकांनी माझा दंड धरून मला उभ्या टेम्पोच्या आड ओढलं.

"गप. बोलू दे तिला."

तिघी वाद घालत कोपऱ्यावरून वळल्या. मी म्हटलं, "चला, आता आपणही घरी जाऊ."

"जरा थांबू," काका म्हणाले आणि बाकावर परत बसले. "तिला आधी पोचू दे. आज तिने मला विचारायचं, बाबा, कुठे होतात इतका वेळ?"